कोंबडा, चटणी आणि कियांती

आमच्या फ्रिजच्या डोक्यावर दोन वर्षं एक बाटली उभी होती. भाच्याने फ्लोरेन्सहून आणलेली कियांती क्लासिको, म्हणजे इटलीतली लाल वाइन. गळ्याशी काळा कोंबडा. कामाच्या मावशींना बरेच दिवस तो चिकन मसालाच वाटत होता.

कोंबड्यामागे दंतकथा आहे. फ्लोरेन्स आणि सिएना या दोन शहरांचं मधल्या कियांती प्रदेशाच्या हद्दीवरून भांडण. ठरलं असं, की पहाटे कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल, भेटतील तिथे सीमा. सिएनाकरांनी आपला पांढरा कोंबडा खाऊन-पिऊन गुबगुबीत केला. फ्लोरेन्सवाल्यांनी काळ्याला उपाशी ठेवलं. तो बिचारा उजाडायच्या कितीतरी आधी आरवला आणि जवळजवळ सगळं कियांती फ्लोरेन्सला मिळालं.

मला मात्र कोंबड्यापेक्षा रिकासोलींची चिठ्ठी आवडते. बेत्तिनो रिकासोली, ब्रोलिओच्या गढीचे बॅरन, इटलीचे दोनदा पंतप्रधान. 1872 मध्ये त्यांनी एका प्राध्यापकाला पत्रातून आपली कियांती वाइनची कृती कळवली: सुगंध आणि जोर सांजोवेझे द्राक्षांचा, कडकपणा मवाळ करायला कानाइओलो द्राक्षं आणि थोडी माल्वाझिया ही पांढरी द्राक्षं. पण माल्वाझिया लवकर प्यायच्या वाइनपुरतीच. मुरवायची असेल तर नको.

माझी आजी लसणाच्या चटणीबद्दल हेच म्हणायची. आज संपणार असेल तर ओलं खोबरं घाल, प्रवासाला न्यायची तर सुकंच.

कियांतीसाठीच्या 1967 च्या सरकारी नियमांनी काय करावं? ओलं खोबरं सक्तीचं! लाल वाइनमध्ये 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षं हवीतच. कृती उचलली, 'पण' गाळला. आंतिनोरी या वाइन बनवणाऱ्या घराण्याने 1975 पासून आपल्या 'तिन्यानेल्लो' नावाच्या वाइनमधून पांढरी द्राक्षं पार काढली. कियांतीचं नाव सोडून ती साधी 'टेबल वाइन' म्हणून विकली, आणि भाव मात्र भल्याभल्या कियांतींपेक्षा जास्त मिळवला. नियमांना जाग यायला वेळ लागला. 1996 मध्ये निव्वळ सांजोवेझे चालेल असं ठरलं आणि 2006 च्या हंगामापासून क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना बंदीच झाली. आता किमान 80 टक्के सांजोवेझे, बाकी लालच.

माझी बाटली 'रिझेर्वा' होती, म्हणजे नियमाने किमान 24 महिने मुरलेली. त्यावर पुण्याचे दोन उन्हाळे, फ्रिजच्या वर. परवा दसऱ्याला भाचा आला म्हणून उघडली. पहिल्या घोटाला त्याने माझ्याकडे पाहिलं, मी कोंबड्याकडे.

"आत्या, फ्रिजच्या आत तरी ठेवायचीस."