हापूसच्या साइटसाठी एसईओवर किती खर्च करायचा: माझा हिशेब

घरपोच हापूस विकणाऱ्या साइटचा धंदा जेमतेम अडीच महिन्यांचा. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत ऑर्डरी, एरवी सामसूम. एसईओची, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणण्याच्या कामाची, कोटेशनं मात्र बारा महिन्यांची येतात: महिना १५,००० रुपये, त्यात अमुक लेख, तमुक बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक). परवडेल की नाही हे कोटेशन कितीही वेळा वाचून कळत नाही. म्हणून मी आधी एवढंच काढतो, की गूगलवर शोधून साइटवर आलेला एक माणूस मला किती रुपये मिळवून देतो.

आमची सरासरी ऑर्डर दोन डझनाची, साधारण १,९०० रुपयांची. फळ, खोका, पेंढा, कुरिअर, पेमेंट गेटवेचं कमिशन आणि खराब निघालेल्या फळांची भरपाई वजा केली की हातात ४०० उरतात. शोधून आलेल्या २०० जणांमागे ३ ऑर्डरी होतात, म्हणजे १,२०० रुपये. भागिले २००, तर एका भेटीचे ६ रुपये. पुढचं सगळं गणित या सहा रुपयांवर उभं आहे, त्यामुळे तो आकडा फुगवायचा मोह टाळावा. उलाढाल धरून भेटीची किंमत काढणारे बरेच भेटतात. त्यांना एसईओ नेहमीच स्वस्त वाटतं.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ऑर्डरी इथे हमखास निसटतात. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक साइट बघतं, पण ऑर्डर मेसेजवर देतं. उपाय सोपा आहे. साइटवरच्या व्हॉट्सॲप बटणाच्या लिंकमध्ये आधीच मजकूर भरून ठेवायचा, ‘वेबसाइटवर पाहिलं, दोन डझन हवेत’ असा. मेसेज साइटवरून आला एवढं तरी त्यातून कळतं. गूगलवरून आला की इन्स्टाग्रामवरून, हे त्यात दिसत नाही. ते वेगळं काढायचं तर डेव्हलपरला सांगून स्रोताप्रमाणे मजकूर बदलता येतो.

दुसरा आकडा सर्च कन्सोलमधून येतो. गूगलच्या शोधात आपली साइट कशी दिसते ते दाखवणारं हे गूगलचंच साधन. ते फुकट आहे, पण माहिती फक्त १६ महिन्यांची ठेवतं. त्यामुळे जून-जुलैच्या सुरुवातीला मागचा आणि चालू असे दोन्ही हंगाम हाती लागतात. डिसेंबरात बघायला गेलं तर आधीचा पुसलेला असतो. मी जूनमध्येच दोन्ही हंगामांचा डेटा शीटमध्ये उतरवून ठेवतो. मग आपल्या ब्रँडचं नाव असलेल्या क्वेरी (लोक गूगलवर टाकतात ते शब्द) वगळतो, कारण नाव माहीत असलेला माणूस एसईओ न करताही पोचतो. ‘हापूस कसा ओळखावा’ छापाच्या क्वेरीही बाजूला. त्यावर इम्प्रेशन (शोधाच्या निकालात आपलं पान दिसण्याची वेळ) ढीगभर मिळतात, पण उत्तर बहुतेक वेळा गूगलच वर देऊन टाकतं, आणि वाचणारा खरेदीला आलेला नसतो. उरतात ‘देवगड हापूस पेटी किंमत’, ‘रत्नागिरी हापूस पुणे घरपोच’ अशा. देशाचा फिल्टर भारतावर ठेवावा, पण एकदा अमेरिका आणि आखातही बघून घ्यावेत. तिकडे बसून आईवडिलांच्या घरी पेटी पाठवणारं गिऱ्हाईक भावाची घासाघीस कमी करतं.

आमच्याकडे अशा खरेदीच्या क्वेरींवर हंगामात १,२०,००० इम्प्रेशन आहेत, क्लिक १ टक्का. जिथे आमचं पान पहिल्या चारांत आहे, तिथे क्लिक ६ टक्क्यांच्या आसपास. कितव्या क्रमांकाला किती टक्के क्लिक मिळतात याचे बाजारात फिरणारे तक्ते मी घेत नाही. आपल्याच साइटची आपल्याच क्वेरींशी तुलना जास्त खरी. सगळीकडे ६ टक्के गाठले तर ६,००० जादा भेटी. तसं होत नसतं, म्हणून निम्म्या धरायच्या: ३,०००. सहाने गुणलं की १८,०००. केलेलं काम पुढच्या हंगामालाही थोडंफार उपयोगी पडतं, त्याचे निम्मे म्हणजे ९,०००. तिसरा हंगाम मी धरत नाही. कमाल मर्यादा झाली २७,०००, आणि तेवढे खर्च केले तर हाती शून्य. म्हणून मी थांबतो २०,००० वर, सगळे कर धरून.

कर धरून म्हणतो, कारण ताज्या आंब्यावर जीएसटी नाही. परिणामी एजन्सी लावते त्या १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. ते १५,००० वालं कोटेशन वर्षाला १,८०,००० नव्हे, २,१२,४०० पडतं. सहा रुपयांच्या हिशेबाने त्यासाठी ३५,४०० जादा भेटी हव्यात. एकूण इम्प्रेशनच १,२०,००० असताना जवळपास तीस टक्के लोकांनी आपल्यावरच क्लिक करायला हवं!

वीस हजारांची वाटणी मी अशी करतो: ५,००० एकदाच्या तपासणीला, ८,००० डेव्हलपरला, ४,००० फोटो आणि मजकुराला, ३,००० राखीव. तपासणीपेक्षा डेव्हलपरचा वाटा मोठा, हे मुद्दाम. चाळीस पानी रिपोर्ट येतो आणि त्यातलं काही अमलात आणायला कोणी नसतं, तिथेच बहुतेकांचे पैसे मुरतात.

आंब्याच्या साइटवर बिघाडही ठरलेले असतात. हंगाम संपला की पेटीचं पान काढून टाकतात आणि गूगलला तिथे ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’ असा संदेश, मिळतो. किंवा युआरएलमध्येच साल घालतात आणि दरवर्षी नवं पान करून शून्यापासून सुरुवात करतात. पान एकच ठेवावं, पत्त्यात साल नको. माल नसेल तेव्हा ‘पुढचा हंगाम मार्चपासून, नाव नोंदवा’ एवढं लिहावं. जुन्या सालांच्या पानांवरून ३०१ रीडायरेक्ट द्यावा, म्हणजे जुना पत्ता कायमचा नव्या पानाकडे वळतो. फोटो थेट कॅमेऱ्यातून चार-चार एमबीचे चढवलेले असतात. वेबपी या हलक्या फोटो-फॉरमॅटमध्ये १५० केबीच्या आत आणले की मोबाइलवर मुख्य फोटो गूगलच्या २.५ सेकंदांच्या मर्यादेत यायला मोठी मदत होते. पुण्यात पिकअपचं ठिकाण असेल तर गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल मॅपवर दिसणारी दुकानाची नोंद) भरावं. त्याला फक्त वेळ लागतो.

हे सगळं ऑक्टोबरपर्यंत उरकायचं. बदल केल्यापासून फायदा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं असं गूगल स्वतः सांगतं. फेब्रुवारीत एसईओला पैसे देणं म्हणजे पुढच्या वर्षाचं काम विकत घेणं. त्या वेळी जाहिरात बरी. आमच्याकडे क्लिक ८ रुपयांना पडला तर भेटीमागे २ रुपये तोटाच, पण भेटीचे ६ रुपये हा अंदाज तपासायला ३०० क्लिक म्हणजे २,४०० रुपये महाग नाहीत. त्यातून चार-पाच ऑर्डरी अपेक्षित. दोन आल्या किंवा आठ आल्या तरी लगेच निष्कर्ष काढू नये, एवढ्या लहान आकड्यात तेवढा फरक पडतोच.

पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला मी एकच विचारतो: कोणत्या शब्दावर? आपल्याच दुकानाच्या नावावर पहिला येणं सोपं आहे. बॅकलिंकचं पॅकेज असेल तर मी तिथेच थांबतो. विकत घेतलेल्या लिंक गूगलच्या स्पॅम धोरणात बसत नाहीत. बऱ्याचदा त्या मोजल्याच जात नाहीत आणि वाईटात वाईट म्हणजे साइटवर कारवाई होते. करारात डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोलची मालकी आपल्या नावावर ठेवावी, एजन्सीला फक्त वापरकर्ता म्हणून जोडावं. पैसे महिन्यावारी न देता कामावारी द्यावेत: रीडायरेक्ट तपासून झाले की एक हप्ता, पानं इंडेक्स झालेली, म्हणजे गूगलच्या नोंदीत आलेली, दिसली की दुसरा. राखीव ३,००० जानेवारीअखेर एकदा पूर्ण साइट तपासायला वापरतो, कारण भाव आणि बॅनर बदलताना कोणीतरी पानावर ‘नोइंडेक्स’ (हे पान शोधात दाखवू नका, अशी गूगलला सूचना) ठेवून गेलेलं असतं, आणि ते एप्रिलमध्ये लक्षात आलं तर हंगाम निम्मा गेलेला असतो.