टायरच्या दुकानातली ख्रिसमसची गाणी

अमेरिकेतल्या कुठल्याही थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात जा, एकदम मागच्या भिंतीला जिथे जुन्या सूटकेसेस आणि वायर तुटलेले लॅम्प पडलेले असतात तिथेच खाली रेकॉर्ड्सची खोकी असतात, आणि त्यात गुडइयरची एखादी ख्रिसमसची एलपी, म्हणजे मोठी तबकडी, नसेल तर मला येऊन सांगा. हो, गुडइयर म्हणजे तीच, टायरवाली. माझ्या सांगलीच्या आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, टायरवाल्यांना गाण्यांशी काय करायचंय? बरोबरच आहे प्रश्न, आणि त्याचं उत्तर शोधता शोधताच मला हा नाद लागला.

तर झालं असं की 1961 साली गुडइयरने कोलंबिया रेकॉर्ड्सच्या एका खास विभागाला धरून ख्रिसमसच्या गाण्यांची एक एलपी काढली आणि ती आपल्या टायरच्या दुकानांत एक डॉलरला विकायला ठेवली. त्या काळात साधी मोनो एलपी (सगळा आवाज एकत्र) चार डॉलरच्या आसपास आणि स्टिरिओ (डावा-उजवा आवाज वेगळा) पाचच्या घरात जायची, म्हणजे एक डॉलर ही जवळजवळ फुकटच म्हणायची. आता टायर काही कोणी उगाच बघायला जात नाही ना, गाडी पंक्चर झाली किंवा बर्फात चालणारे टायर बसवायचे असले तरच माणूस त्या दुकानाची पायरी चढतो. पण एक डॉलरमध्ये अँडी विल्यम्स, महालिया जॅक्सन, लिओनार्ड बर्नस्टाइन, मॉर्मन टॅबर्नॅकल क्वायर हे त्या काळचे नामवंत सगळे एकाच कव्हरमध्ये मिळतायत म्हटल्यावर लोक नुसती रेकॉर्ड घ्यायला आत शिरायचे, आणि आत शिरलेल्या माणसाची नजर चारही बाजूंना टायरवरच पडणार. रेकॉर्डवर पैसे कमवायचेच नव्हते त्यांना, गिऱ्हाईक उंबरठ्याच्या आत आलं की काम झालं.

पुढच्याच वर्षी, 1962 ला, फायरस्टोन उतरली मैदानात. मजा म्हणजे दोन्ही कंपन्या एकाच गावच्या, ओहायोतलं अ‍ॅक्रन. मी तिथून गाडीने अर्ध्या तासावर राहते, त्यामुळे आमच्याकडच्या खोक्यांत या दोघींच्या एलपींचा जो सुकाळ आहे तो बाकी ठिकाणी असेल असं वाटत नाही. अ‍ॅक्रनला एकेकाळी जगाची रबर राजधानी म्हणायचे, आता त्या कारखान्यांतलं फारसं काही उरलेलं नाही, फायरस्टोन तर 1988 ला जपानच्या ब्रिजस्टोनने विकत घेतली. पण एलपी आहेत अजून, गराज सेलमध्ये, चर्चच्या तळघरात, सगळीकडे.

दोघींत मला विचाराल तर मी फायरस्टोनवाली. गुडइयरची एलपी म्हणजे कोलंबियाच्या कपाटातून निवडून काढलेली गाणी, त्यात मधूनमधून खास त्यांच्यासाठी केलेली. छानच असतात, पण एक क्वायर (गायकांचा समूह), मग एक पॉप गायक, मग ऑर्केस्ट्रा, अशी भेळ होते. फायरस्टोनला जुन्या गाण्याची आवड पहिल्यापासूनची, 1928 पासून त्यांचा स्वतःचा रेडिओ कार्यक्रम होता, नंतर टीव्हीवर आला, त्यात ऑपेराचे मोठमोठे गायक यायचे. तीच सवय एलपीत उतरलीय. एकाच रेकॉर्डवर मोजके गायक, मागे एकच ऑर्केस्ट्रा, त्यामुळे पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत एक सूर राहतो. 1966 चा पाचवा व्हॉल्यूम घ्या. गायिका ज्युली अँड्र्यूज, संगीत संयोजन आंद्रे प्रेव्हिन. म्हणजे बघा, त्यांचा साउंड ऑफ म्युझिक सिनेमा येऊन एकच वर्ष झालेलं, बाई जगभर गाजत होत्या, आणि त्यांची नवीन ख्रिसमस एलपी कुठे मिळायची तर टायरच्या दुकानात! पुढच्या वर्षी आरसीए या रेकॉर्ड कंपनीने तीच रेकॉर्डिंग्ज नाव बदलून आपल्या लेबलवर बाजारात आणली, पण मला ती नको, मला टायरवालीच हवी.

गुडइयरनेही असाच एक षटकार मारलेला आहे हां. गायिका बार्ब्रा स्ट्रायसँडचा ख्रिसमस अल्बम आला 1967 ला, पण त्यातलं सायलेंट नाइट हे गाणं गुडइयरच्या 1966 च्या सहाव्या अल्बमवर आधीच येऊन गेलं होतं.

आपल्याकडच्या माणसाला हे सगळं समजवायचं तर मी दिवाळी अंक म्हणते. दरवर्षी एकदाच येणार, सणाच्या तोंडावर येणार, एका कव्हरमध्ये दहा नामवंत, मध्ये जाहिरातदाराची कृपा, घरातले सगळे आळीपाळीने वाचणार आणि जानेवारीत रद्दीत. या एलपींचंही तेच. डिसेंबर संपला की वर माळ्यावर, आणि आजी गेली की थेट थ्रिफ्ट स्टोअरच्या दारात. म्हणूनच त्यांना किंमत नाही. रेकॉर्ड गोळा करणारे खरे दर्दी लोक या खोक्यातून या एलपी भराभर पुढे ढकलत जातात, त्यांना जॅझ हवं असतं, आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून ते ढकलतील ते उचलते. एक डॉलर, कधी पन्नास सेंट. साठ वर्षांत किंमत वाढली नाही अशी वस्तू अमेरिकेत दुसरी दाखवा मला.

बघून घ्यायचं मात्र कळायला हवं. रेकॉर्ड बाहेर काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची, सरळ धरली तर काहीच दिसत नाही. बारीक केसासारख्या रेघा असतील तर चालतं, त्या थोड्या चुरचुरतात फक्त. एखादी रेघ जाड वाटली तर नख आडवं फिरवायचं, नख अडकलं की सुईही अडकणार, ठेवून द्यायची. कव्हरला ओलसर तळघराचा वास असेल तर कितीही सुंदर असली तरी घरी आणायची नाही, एक आणली की शेल्फमधल्या बाकीच्याही वास मारायला लागतात. मोनो की स्टिरिओ ते कव्हरवर मोठं लिहिलेलं असतं, पण कव्हरमध्ये दुसरीच रेकॉर्ड निघण्याचे प्रकार भरपूर, म्हणून मधल्या लेबलवरचा नंबर बघायचा. फायरस्टोनचा नंबर एमएलपीने सुरू झाला तर मोनो, एसएलपीने तर स्टिरिओ. घरी आल्यावर डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब आणि मऊ कापड, गोल फिरवत, आडवं कधीच नाही.

आणि कव्हरची मागची बाजू, ती तर मी आधी वाचते. लोक लिहून ठेवतात ना. माझ्याकडे गुडइयरची एक आहे जिच्यावर कोणीतरी निळ्या बॉलपेनने गाण्यांपुढे टिका मारल्यात, जोरात, कागद दबलाय इतक्या, आणि एका गाण्यापुढे नुसतं मोठ्ठं नो. ते गाणं मी मुद्दाम लावून ऐकलं. बाईंचं म्हणणं पटलं मला. (बाईच असणार, हस्ताक्षर तसं आहे. नवरा म्हणतो पुरुषही असू शकतो. असो.)

टायरवाल्यांचं बघून मग सगळेच सुटले. डब्ल्यू. टी. ग्रँट नावाची दुकानांची मोठी साखळी होती, त्यांच्या एलपी कोलंबियाकडूनच यायच्या, ती साखळी 1976 ला पार बुडाली, एलपी मात्र अजून मिळतात. हार्डवेअरची ट्रू व्हॅल्यू तर थांबायलाच तयार नव्हती, साठीच्या दशकात सुरू केलेली हॅपी हॉलिडेज सिरीज एलपीवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर नेत तीसहून जास्त व्हॉल्यूम काढले त्यांनी. खिळे, रंगाचे डबे आणि गायक बिंग क्रॉस्बी.

नव्वदीनंतरच्या सीडी मात्र मी गोळा करत नाही आणि यावर माझी आणि माझ्या मैत्रिणीची कायम वादावादी होते, तिच्याकडे स्टारबक्सच्या आहेत ढिगाने. स्टारबक्स या कॉफीवाल्यांनी 1999 ला हिअर म्युझिक ही संगीताची कंपनीच घेतली, दर डिसेंबरला काउंटरवर नवीन सीडी असायची, 2015 ला दुकानात सीडी विकणं बंद केलं. गाणी उत्तम निवडलेली असतात, मी नाही म्हणतच नाही. पण त्या सीडीत दुकान आहे. म्हणजे ऐकताना तुम्हाला वाटायला पाहिजे की आपण त्यांच्या खुर्चीत बसून त्यांची कॉफी पिणाऱ्यातले आहोत, गाणं हे दुकानाच्या सजावटीचाच भाग. फर्निचरवाल्यांनी काढल्या त्याही तशाच. गुडइयरच्या एलपीत टायर कुठेच नाही हो! नाव कव्हरवर, आत निखळ गाणी. रबर विकणाऱ्या माणसाला आपल्या गिऱ्हाइकाची आवडनिवड घडवायची हौस नव्हती, त्याला फक्त तो आत यायला हवा होता, आणि त्यासाठी त्याने त्यातल्या त्यात चांगला माल ठेवला. मला हा व्यवहार जास्त सरळ वाटतो.

विकायला नसलेल्या एका गोष्टीबद्दल सांगायलाच पाहिजे. केमार्टच्या दुकानांत छतातून जे संगीत वाजायचं त्याच्या कॅसेट्स तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्याने 1989 पासून जपून ठेवल्या होत्या, फेकून देण्याऐवजी घरी नेल्या, आणि 2015 ला सगळ्या इंटरनेट आर्काइव्ह या वेबसाइटवर टाकल्या. त्यात डिसेंबरच्याही आहेत. दिवसभर दुकानात वाजून वाजून टेप घासलेली, आवाज मधूनच बुडतो, मध्येच सेलची घोषणा. फुकट आहे, ऐका एकदा, स्वयंपाक करताना लावा.

सध्या मी फायरस्टोनचे व्हॉल्यूम मोनोमध्ये जमवतेय. स्टिरिओ झालेत सगळे. एक ऑनलाइन मागवला होता तर त्या भल्या माणसाने नुसत्या कागदी पाकिटात घालून पाठवला, दोन तुकडे हातात आले. त्यामुळे आता पोस्टाने नाही, हाताने उचलूनच. कोणाचे नातेवाईक इकडे ओहायो, पेन्सिल्व्हेनियात असतील आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये आधीच्या घरमालकाचं खोकं पडलेलं असेल तर टाकण्याआधी एकदा लेबलवरचा नंबर बघा आणि एमएलपी दिसलं तर मला कळवा, येण्याजाण्याचं पेट्रोल माझं.