विहिरीवरचे यंत्र आणि पत्त्याचे बाइट

खानापूर तालुक्यात नंदगडजवळ आमच्या शेतातील विहिरीवर पाण्याची पातळी मोजणारे एक छोटे यंत्र मी बसवले आहे. त्याच्या नोंदी बेळगावात, टिळकवाडीतील माझ्या संगणकावर येतात. दोन्हीकडचे प्रोग्रॅम सी भाषेत आहेत. पूर्वी मी त्या संगणकाचा इंटरनेटवरील पत्ता आणि पोर्ट (संगणकावरील प्रोग्रॅमचा दार-क्रमांक) मध्ये कोलन घालून साध्या मजकुरात ठेवत असे, आणि वाचताना पहिला कोलन दिसेल तेथे तोडत असे. पण घरच्या जोडणीला आयपीव्ही ६ चा, म्हणजे इंटरनेटवरील नव्या, लांब पद्धतीचा पत्ता मिळाला आणि त्याच्या पोटातच कोलन असल्यामुळे ही युक्ती बंद पडली.

म्हणून मल्टीॲड्रेससाठीची, म्हणजे प्रत्येक भागाआधी त्याचा प्रकार लिहिण्याच्या पत्ता-पद्धतीसाठीची, सी लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा संच) वापरायला घेतली. आयपीएफएस आणि लिबपीटूपी या, संगणकांना थेट एकमेकांशी जोडणाऱ्या प्रकल्पांत रूढ असलेली ही पद्धत मला लगेच पटली, कारण आपण पाकिटावर ‘मु. पो. नंदगड, ता. खानापूर, जि. बेळगाव’ असे लिहितो तेव्हा प्रत्येक भाग तो कशाचा आहे हे स्वतःच सांगतो, आणि येथेही तसेच घडते. ‘/आयपी४/१२७.०.०.१/टीसीपी/४००१’ हा पत्ता लायब्ररीने बाइटांत बदलला, तेव्हा पडद्यावर ४, १२७, ०, ०, १, ६, १५, १६१ असे आठ आकडे आले. ४ म्हणजे आयपी४ (चार आकड्यांची जुनी पत्ता-पद्धत), ६ म्हणजे टीसीपी (माहिती पोचल्याची खात्री करून पाठवण्याची पद्धत), आणि १५ गुणिले २५६ अधिक १६१ म्हणजे ४००१ हा पोर्ट. हे मी वहीत मांडून पाहिले, आणि मगच पुढे गेलो.

यंत्रात जागा कमी असल्याने तेथे पत्ता वाचण्याचा भाग मी स्वतः लिहिला होता. पावसाळ्यात रेंज जाऊ लागली म्हणून टीसीपी सोडून यूडीपी (पोचल्याची खात्री न करता माहिती पाठवण्याची पद्धत) घेतले आणि नोंदी येणे थांबले. दोन संध्याकाळी मी मोबाइलच्या जोडणीलाच दोष देत राहिलो, आणि ते चूक होते. बाइट छापून पाहिल्यावर आयपी६ चा ४१ हा क्रमांक व पत्त्याचे सोळा बाइट यांच्यानंतर १४५ आणि २ दिसले. यूडीपीचा क्रमांक २७३ आहे; तो एका बाइटात मावत नाही, म्हणून सात-सात बिटांचे तुकडे करून लिहितात आणि पुढे आणखी तुकडा असल्यास वरचा बिट १ ठेवतात. १७ अधिक १२८ म्हणजे १४५, आणि दुसरा तुकडा २. माझा प्रोग्रॅम मात्र १४५ हाच क्रमांक समजून पत्ता नाकारत होता.

वरचा बिट शून्य मिळेपर्यंत पुढचा बाइट घेत राहणारे सहा ओळींचे लूप लिहिले आणि त्याच रात्री पातळीची नोंद आली.