फोल्डर आला, सातबारा राहिला

पॉवर सप्लाय उडतो, जाताना मदरबोर्डलाही घेऊन जातो आणि हार्ड डिस्क मात्र ठणठणीत राहते. डीटीपीच्या दुकानातल्या किंवा कर सल्लागाराच्या ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपचा शेवट पुष्कळदा असाच होतो. मग नवा कॉम्प्युटर येतो, जुनी डिस्क यूएसबी केबलने त्याला जोडली जाते (साडेतीन इंची असेल तर वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही) आणि सगळ्यांना एकच युक्ती सुचते: ‘प्रोग्रॅम फाइल्स’ उचला नि इकडे टाका. तासभर कॉपी चालते. आयकॉनवर डबल क्लिक केलं की अमुक डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल) सापडत नाही, असा चौकोन उगवतो.

शेतातली माती ट्रॉलीत भरून दुसऱ्या गावाला नेता येते; सातबारा तिच्याबरोबर जात नाही. विंडोजचा सातबारा म्हणजे रजिस्ट्री. प्रोग्रॅम बसवताना सेटअप आपला फोल्डर तर करतोच, शिवाय रजिस्ट्रीत नावनोंदणी करतो, कुठली फाइल कोणी उघडायची ते लिहून ठेवतो, पार्श्वभूमीला चालणाऱ्या सर्व्हिस लावतो आणि व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या सामायिक डीएलएल ‘सिस्टिम ३२’मध्ये नेऊन ठेवतो. फोल्डर कॉपी केल्याने यातलं काहीच येत नाही. डॉसच्या काळात फोल्डर उचलला की काम भागायचं, जुन्या मंडळींचा हट्ट तिथून आलेला आहे. आजही पोर्टेबल म्हणून मिळणारे छोटे प्रोग्रॅम तसे चालतात. बाकीच्यांचा सेटअप नव्याने चालवावा लागतो, त्याला पर्याय नाही. नोंदींसकट प्रोग्रॅम हलवून देणारी विकतची साधनं आहेत, पण त्यातल्या बऱ्याच जणांना जुनं मशीन चालू लागतं, आणि आपलं तर मेलेलं!

मात्र मेलेल्या मशीनचा सातबारा वाचता येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. जुन्या डिस्कवर विंडोज, सिस्टिम ३२, कॉन्फिग या वाटेने गेलं की ‘सॉफ्टवेअर’ नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल दिसते. तिची कॉपी करून घ्यावी, मूळ फाइलला हात लावू नये. नव्या मशीनवर रेजएडिट (रजिस्ट्री पाहायचं विंडोजचं साधन) उघडून ‘एचकी लोकल मशीन’ निवडायचं, फाइल मेनूतून ‘लोड हाइव्ह’ (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची फाइल) करायचं आणि ती कॉपी दाखवून ‘जुना’ असं काहीतरी नाव द्यायचं. आत मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, अनइन्स्टॉल असं उतरत गेलं की काय काय बसवलेलं होतं त्याची आवृत्तीसकट यादी मिळते. ३२ बिटवाले प्रोग्रॅम ‘वाओ ६४३२ नोड’खाली वेगळे असतात, तिथे बघायचं राहिलं तर अर्धी यादी हुकते. काम झालं की ‘अनलोड हाइव्ह’. ही यादी समोर ठेवून एकेक सेटअप उतरवायचा. ‘काय काय होतं बरं?’ असं डोकं खाजवण्यापेक्षा हे बरं.

सेटअप झाल्यावर आणायची ती आपली कमाई, म्हणजे सेटिंग नि साठवलेली माहिती. ती दडलेल्या फोल्डरांत असते: युझरच्या नावाखाली ‘ॲप डेटा’ आणि सी ड्राइव्हवर ‘प्रोग्रॅम डेटा’. व्ह्यूमध्ये ‘हिडन आयटम्स’ला टिक केल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि दिसले तरी परवानगी नाही म्हणून अडतात; तेव्हा ॲडमिनिस्ट्रेटर होऊन मालकी आपल्याकडे घ्यावी लागते. फायरफॉक्सचं प्रोफाइल जसंच्या तसं आणलं की पासवर्डही येतात. क्रोमचे येत नाहीत, कारण त्यांचं कुलूप जुन्या विंडोज खात्याला बांधलेलं असतं. आउटलुकची पीएसटी (साठवलेल्या मेलची) फाइल आणावी, ओएसटीच्या (सर्व्हरवरच्या मेलची नुसती प्रत) नादी लागू नये.

मराठी छपाईवाल्यांची खरी परीक्षा फॉन्टांपाशी होते. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांत केलेली पत्रिका तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी चिन्हांची खिचडी होऊन उघडते. श्रीलिपीच्या कित्येक फॉन्टांत ‘मराठी’ हा शब्द आत आडवी रेघ, ए, एम, आर, ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह आणि पुन्हा आर असा साठवलेला असतो. म्हणून ‘विंडोज’मधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर सगळे आणतात. पण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फक्त एका युझरसाठी बसवलेले फॉन्ट वेगळीकडे जातात: ॲप डेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. हरवलेला फॉन्ट हमखास तिथेच सापडतो.

टॅलीचा डेटा म्हणजे आकड्यांच्या नावांचे फोल्डर; ते सहज येतात. लायसन्स मात्र जुन्या मशीनवरून सोडवून नव्यावर लावायचं असतं, त्यासाठी सिरियल नंबर आणि खरेदीच्या वेळी दिलेला ईमेल लागतो. तो ईमेल आठ वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघाला की खरी गंमत.

एवढं करण्याऐवजी जुनी डिस्कच नव्या डब्यात बसवली तर? विंडोज १० पुष्कळदा उठून बसतं, नवे ड्रायव्हर शोधतं आणि चालू लागतं. पण जुनी डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआय ही नवी पद्धत मानणारा असेल तर ती बूटच होत नाही. स्टोरेजची सेटिंग वेगळी असली तर निळा पडदा येतो, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असलं तर ४८ आकडी किल्ली मागितली जाते. शिवाय जुन्या मशीनबरोबर आलेलं ओईएम विंडोज त्याच मशीनचं, ते नव्यावर कायदेशीर ठरत नाही. तात्पुरतं दोन दिवसांचं काम उरकायला हा उपाय ठीक. डिस्क टक् टक् आवाज करत असेल तर मात्र यातलं काहीच नको. आधी लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवून तिची पूर्ण प्रतिमा घ्यावी, मग पुढचं.

आणि जुना डबा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्याआधी तो एकदा उलटा फिरवून मागची बाजू पाहावी. धुळीच्या पुटाखाली, माउसच्या पोर्टशेजारी, सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली असलेला डोंगल अजून खोचलेला असतो.