आमची वाटचाल : पंपाचं खरं वजन

वडिलांनी १९७८ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवर ऑइल इंजिनांच्या दुरुस्तीचं काम सुरू केलं. नदीकाठच्या उसाला पाणी उचलायला तेव्हा इंजिनं होती. पुढं गावोगावी वीज आली, इंजिनांच्या जागी मोटारी बसल्या आणि त्याच शेतकऱ्यांसाठी आम्ही पंपांकडे वळलो. आज शिरोलीत आमची शेड आहे, बावीस माणसं आहेत. तीन ते साडेसात एचपीचे मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेले, पंप करतो. ओतकाम शेजारच्या फाउंड्रीतून येतं. मशिनिंग, वाइंडिंग आणि टेस्टिंग आमच्याकडे.

मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण आमची काम करण्याची पद्धत खरी बदलली ती २०१९ नंतर. त्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून प्रश्नावली आली. तुमच्या एका पंपामागे पर्यावरणावर किती भार पडतो, असा त्यातला एक प्रश्न होता. आमचं लक्ष आधी फाउंड्रीच्या भट्टीकडे गेलं. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. म्हणजे पंप हलका केला की भार कमी, असं आम्ही धरून चाललो. केसिंगची, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाची, जाडी उतरवली, नगामागे तीन किलो वाचवले.

ते अंगाशी आलं. पातळ भागात पोचायच्या आतच धातू गार व्हायचा. दहातली दोन-तीन कास्टिंग अर्धवट भरलेली निघायची आणि परत भट्टीत जायची. काट्यावर लोखंड वाचत होतं, पण त्यातून वाचलेली वीज नासलेले नग दुसऱ्यांदा वितळवण्यात जात होती. चार महिन्यांनी जुनं पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा लाकडी नमुना, परत काढलं.

मग पुतण्यानं पंपाचं जन्मापासून भंगारापर्यंतचं गणित मांडलं. यासाठी आयएसओ १४०४० हे मानक आहे, ओपनएलसीए नावाचं मोफत सॉफ्टवेअरही आहे. पण पहिलं गणित आम्ही वहीतच केलं. आमच्या पाच एचपीच्या पंपातलं लोखंड, मोटरमधले पोलादी पत्रे (स्टॅम्पिंग), तांबं, सगळं धरून कार्बन डायऑक्साइड निघाला दीड-दोनशे किलो. आता तोच पंप शेतात वर्षाला हजार तास चालला तर मोटरचा तोटा धरून ४,३०० युनिट खातो. दहा वर्षांत ४३,०००. आपल्या ग्रिडच्या विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे तीस टन! हा आकडा आम्ही तीनदा तपासला. आम्ही तीन किलो लोखंडाच्या मागे लागलो होतो आणि खरा भार आमच्या शेडमध्ये नव्हताच, तो नदीकाठच्या पंपघरात होता. आणि तो ठरत होता इथं, आमच्या ड्रॉइंगच्या टेबलावर.

आमचे पॅटर्नवाले मिस्त्री तीस वर्षं या कामात आहेत. ते वही बघून म्हणाले, "मालक, मग केसिंग कशाला तासताय? पाण्याची वाट तासा."

पुढची दोन वर्षं तेच केलं. इंपेलरच्या, म्हणजे पाणी फेकणाऱ्या फिरत्या चाकाच्या, पात्यांचा बाक बदलला. आतल्या वाटेसाठी शेल कोअर, म्हणजे पोकळी गुळगुळीत ओतली जावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे, घेतले, कारण खरखरीत भिंतीला घासत जाणारं पाणी वीज खातं. इंपेलर आणि केसिंगच्या मधल्या कडीची (वेअर रिंग) फट कमी केली. फार कमी केली तर पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यानं ती लवकर झिजते, म्हणून तीन वेळा मागेपुढे करावं लागलं. टेस्ट बेडवर पंपाची कार्यक्षमता ५८ टक्क्यांवरून ६४ वर आली. तेवढ्याच पाण्याला दहा वर्षांत चार हजार युनिट कमी, म्हणजे पावणेतीन टन कार्बन. आख्खा पंप घडवताना पडतो त्याच्या कितीतरी पट. आमच्या कामाचा मला सगळ्यात जास्त अभिमान कुठं वाटत असेल, तर या सहा टक्क्यांचा.

विकताना मात्र त्रास झाला, अजून होतो. २०२४ पासून महाराष्ट्रात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याला दिलासा मिळाला याचा आनंदच आहे, पण वाचलेलं युनिट त्याला बिलात दिसत नाही. म्हणून आम्ही विजेबद्दल बोलणं सोडलं आणि पाण्याबद्दल बोलू लागलो : लाइट आठच तास असते, त्या आठ तासांत तुमचं किती रान भिजतं? हे मात्र लगेच पटतं.

आता सोलर पंपांची मागणी वाढतेय आणि वहीतलं गणित उलटं फिरलंय. उन्हावर चालणाऱ्या पंपाला वापरातला कार्बन जवळजवळ नाहीच. मग जे लोखंड, तांबं आम्ही क्षुल्लक ठरवलं होतं तेच मोठं होतं, पॅनेलचंही धरावं लागतं. कार्यक्षमता तिथंही सोडता येत नाही, कारण पंप चांगला तर तेवढ्याच पाण्याला पॅनेल कमी लागतात. पण पंप किती वर्षं टिकतो आणि गावातल्या फिटरला तो उघडता येतो का, याला आता पहिला मान आहे.

सध्या तीन एचपीच्या सोलर पंपाचं ड्रॉइंग चालू आहे. सील आणि बेअरिंग बदलायला आख्खा पंप पाइपलाइनवरून काढावा लागू नये, एवढ्यासाठी ते चौथ्यांदा काढतोय. कोपऱ्यात तीन चौकटी आखल्यात : वजन, युनिट, दुरुस्ती. तिसरी अजून रिकामी आहे. ती भरल्याशिवाय पॅटर्नचं लाकूड कापायचं नाही, असं मिस्त्रींनी बजावलंय.