महिनाभराचा अंमलदार आणि त्याचे दगड

मंगळवार, रात्री उशिरा

आज पुन्हा वू छांगश्वो या चिनी शिक्के कोरणाऱ्या कलावंताचे शिक्के बघत बसले, झूम करकरून, आणि डोळे चुरचुरायला लागले तरी लॅपटॉप बंद करवेना. चिनी चित्रांवर कोपऱ्यात लाल शिक्का असतो ना, तो कोरणं ही तिकडे स्वतंत्र कला आहे, २००९ ला युनेस्कोच्या यादीतही आली. छिंगत्येन नाहीतर शोउशानचा मऊ दगड घ्यायचा, अक्षरं उलटी कोरायची, हिंगुळाच्या लाल लगद्यावर दाबायचा आणि कागदावर उठवायचा. इंचभर जागा, बस्स.

पण या माणसाने त्या इंचात काय काय घातलंय! १८४४ चा जन्म, जच्यांग प्रांतातल्या आन्जीचा, कोरायला वडिलांकडूनच शिकला. १८६० मध्ये ताइपिंग बंडाची लढाई गावापर्यंत आली आणि सगळं घर उधळलं, हा पोरगा वडिलांबरोबर रानोमाळ पळत होता, वर्षानुवर्षं, आणि त्या धामधुमीत घरचे एकेक जण गेले. जिच्याशी लग्न ठरलं होतं ती चांग पण गेली.

मग १९०९. हा पासष्टीचा, नाव झालेलं, आणि ती स्वप्नात आली. त्याने शिक्का कोरला, उजळ चंद्र हाच पूर्वजन्म अशा अर्थाची चार अक्षरं, आणि दगडाच्या बाजूवर तिची आकृती, पाठमोरी. शेजारी नोंद की माझी पहिली बायको स्वप्नात दिसली म्हणून हे कोरतोय. लग्न नुसतं ठरलेलं, तरी तो तिला बायकोच म्हणतो. चेहरा नाहीये. मी त्या बाजूच्या ठशाचा फोटो किती वेळ बघत होते कोण जाणे, चार-पाच रेषांची बाई आहे ती, पण सगळं आयुष्य आहे त्यात.

१८९९ मध्ये तो आन्तुंगचा अंमलदार झाला आणि एका महिन्यात नोकरी सोडून मोकळा. त्याचाही शिक्का! "एक महिना आन्तुंगचा अंमलदार". आणखी एक आहे, त्यात म्हणतो मी फंगत्सच्या अंमलदाराच्या पन्नास दिवस आधी राजीनामा दिला. तो अंमलदार म्हणजे जुना कवी थाव युआनमिंग, त्याने ऐंशी दिवसांत खुर्ची सोडली होती. किती ताठ माणूस! मला हे फार आवडतं.

कोरायची पद्धत पण तशीच. बोथट, जड पातं घेऊन जोर लावून कापायचं, मग कडा ठोकून, घासून मुद्दाम झिजवायच्या, त्यामुळे शिक्का शतकानुशतकं मातीत पडून राहिल्यासारखा दिसतो. प्राचीन दगडी ढोलांवरच्या लिपीचा सराव त्याने जन्मभर केला आणि ते वजन त्याच्या प्रत्येक रेषेत आहे. गुळगुळीत, सुबक कोरणारे तेव्हाही खूप होते, पण माझ्या मते याच्यासमोर ते फिके पडतात. जपानचा कावाई सेनरो समुद्र ओलांडून याच्याकडे शिकायला आला होता.

१९१३ ला हांगचौच्या शीलिंग शिक्का-मंडळाचा तो पहिला अध्यक्ष झाला. १९२१ मध्ये हान या प्राचीन राजवटीच्या काळातली एक शिळा जपानला विकली जाणार असं कळलं तेव्हा मंडळाने वर्गणी काढून ८००० चांदीच्या नाण्यांना ती सोडवून आणली. म्हातारा तोवर कानाने पार बहिरा झाला होता, तरी या सगळ्यात पुढे होता आणि त्याची हकिकतही त्यानेच लिहून ठेवली. शिळा अजून तिथेच आहे, गूशान टेकडीवर, दगडी खोलीत. हांगचौला कधी गेलेच तर ते प्रसिद्ध सरोवर नंतर बघेन, आधी ती खोली.