ओरणातील नोंदी

आज जैसलमेर जिल्ह्यातील एका ओरणात, म्हणजे गावाने देवतेच्या नावाने राखलेल्या सामायिक रानात, निसर्ग माणसाला काय काय देतो याच्या नोंदी घेत फिरलो. वर्षाला सुमारे 200 मिलिमीटर पावसाच्या या प्रदेशात सेवण गवत, केर नावाचे काटेरी झुडूप आणि बोरी यांवर गुरे आणि माणसे दोन्ही जगतात. मात्र सोबतचे वयस्कर मेंढपाळ सर्वांत जास्त बोलले ते खेजडीविषयी, म्हणजे आपल्या शमीविषयी: पाला शेळ्यामेंढ्यांना, कोवळ्या शेंगांची सांगरी भाजीला, छाटलेल्या फांद्या सरपणाला आणि कुंपणाला, शिवाय तिची मुळे खोलवर जात असल्याने आणि तिच्यामुळे जमिनीतील नत्र वाढत असल्याने तिच्या छायेतही बाजरी चांगली येते. हीच झाडे तोडली जाऊ नयेत म्हणून 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात बिष्णोई पंथाच्या 363 स्त्रीपुरुषांनी प्राण दिले होते. असे असूनही महसुली दप्तरात कित्येक ओरणे पडीक जमीन म्हणून नोंदलेली आहेत आणि त्यामुळे ती ऊर्जाप्रकल्पांना सहज देता येतात, याचे मला फार वाईट वाटते. चाऱ्याचे आणि सांगरीचे मोल बाजारभावाने मांडता येईल. पण दुष्काळात कळप जगवणाऱ्या या रानाची किंमत ठरवताना मेंढपाळांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.